ऑनलाइन व्हिडिओंसाठी सबटायटल्स कोणत्या फॉरमॅटमध्ये ठेवावीत?

व्याख्यानमाला (धागाकर्ता)

आमच्या अभ्यासगटाने गणित आणि भौतिकशास्त्र या विषयांवरील ३६ व्याख्याने चित्रित केली आहेत. त्यांना मराठी सबटायटल्स जोडण्याचे काम सध्या चालू आहे. व्याख्याने मराठीतच आहेत. ज्यांना ऐकू येत नाही किंवा कमी ऐकू येते, त्यांनाही ती समजावीत हा यामागचा मुख्य हेतू आहे. पुढे हिंदी आणि इंग्रजी अनुवादही देण्याचा विचार आहे. व्हिडिओ यूट्यूबवर आणि आमच्या स्वतःच्या संकेतस्थळावर असे दोन ठिकाणी ठेवले जातील. संकेतस्थळावर वेगळा प्लेअर नाही, ब्राउझरची साधी व्हिडिओ चौकटच आहे. काही विद्यार्थी ते उतरवून घेऊन संगणकावरही पाहतील.

पहिल्या चार व्याख्यानांची सबटायटल्स आम्ही एसआरटी या साध्या मजकुराच्या फॉरमॅटमध्ये तयार केली. यूट्यूबने ती निमूटपणे स्वीकारली, परंतु संकेतस्थळावर काहीच दिसेना. एकाने सुचवले म्हणून फाइलनावाच्या शेवटी एसआरटीऐवजी व्हीटीटी असे लिहून पाहिले, तरीही पडदा कोराच राहिला आणि चूक झाल्याचा संदेशही कुठे आला नाही. गटातील एका सदस्याचे म्हणणे असे की एएसएस (शैली आणि जागाही नोंदवणारा सबटायटल फॉरमॅट) वापरावे, कारण फळ्याच्या खालच्या भागात समीकरण लिहिलेले असेल तेव्हा सबटायटल वर नेता येते. दुसऱ्या सदस्याच्या मते टीटीएमएल (प्रसारणात वापरला जाणारा फॉरमॅट) हेच खरे प्रमाण आहे आणि बाकी सगळे हौशी लोकांचे खेळ आहेत. उरलेल्या ३२ व्याख्यानांना हात घालण्यापूर्वी काय ते एकदाच ठरवावे, या विचाराने येथे विचारत आहे.

संकलनकक्ष

तुमचा कोरा पडदा आधी पाहू, कारण एसआरटी आणि वेबव्हीटीटी (फाइलनावात व्हीटीटी) यांतील फरक त्यातूनच नीट कळतो.

एसआरटीचा जन्म सबरिप नावाच्या एका प्रोग्राममधून झाला. डीव्हीडीवरील सबटायटल्स ही अक्षरे नसून चित्रे असतात. ती चित्रे वाचून त्यांचा मजकूर करणे हे सबरिपचे काम होते आणि तो मजकूर ज्या साध्या रचनेत लिहिला जाई, तीच पुढे जगभर रूढ झाली. त्यामुळे एसआरटीला कोणत्याही प्रमाणसंस्थेने ठरवून दिलेले नियम नाहीत. प्रत्येक नोंद अशी असते :

१२
००:०४:१७,२५० --> ००:०४:२०,९००
दुसऱ्या प्रयोगात तापमान स्थिर ठेवले होते.

वर क्रमांक, मग सुरुवातीची आणि शेवटची वेळ, मग मजकूर आणि त्यानंतर एक रिकामी ओळ. इतकेच. (येथे मी अंक देवनागरीत लिहिले आहेत, ते फक्त या धाग्यापुरते. फाइलमध्ये वेळेचे अंक इंग्रजीच हवेत, नाहीतर ती नोंद गेलीच म्हणून समजा.)

वेबव्हीटीटी हे याच रचनेचे ब्राउझरसाठी नियमबद्ध केलेले रूप आहे. आरंभी त्याचे नावही वेबएसआरटी असेच होते. आता त्याचे नियम डब्ल्यूथ्रीसी या वेबची प्रमाणे ठरवणाऱ्या संस्थेकडे आहेत. वरवर पाहता फरक अगदी किरकोळ वाटतो, पण ब्राउझर त्याबाबत हट्टी आहे. फाइलच्या पहिल्याच ओळीत लॅटिन मोठ्या अक्षरांत वेबव्हीटीटी हा शब्द असावा लागतो. तो नसेल तर ब्राउझर संपूर्ण फाइल नाकारतो. सेकंद आणि सहस्रांश यांच्यामध्ये स्वल्पविराम नव्हे, बिंदू लागतो. स्वल्पविराम राहिला तर ज्या नोंदीत तो आहे ती नोंद गाळली जाते, आणि तुमच्या फाइलमध्ये तो प्रत्येक नोंदीत आहे. तुम्ही फक्त फाइलचे नाव बदलले, म्हणजे बाटलीवरची चिठ्ठी बदलली, औषध तेच राहिले. एफएफएमपेग किंवा सबटायटल एडिट या साधनांपैकी कशानेही रीतसर रूपांतर करून घ्या. अगदी मजकूर-संपादकातही ते करता येते, परंतु शोधा-आणि-बदला करताना स्वल्पविराम फक्त वेळेच्या ओळींतलाच बदलायचा आहे, मजकुरातला नव्हे, एवढे भान ठेवावे लागते.

तेव्हा पहिला निर्णय असा : तुमच्या संकेतस्थळासाठी वेबव्हीटीटीला पर्याय नाही. ब्राउझर व्हिडिओच्या ट्रॅकमध्ये (पानावर व्हिडिओला जोडलेल्या सबटायटल-फाइलमध्ये) थेट वाचतात तो फॉरमॅट हाच. यूट्यूबला एसआरटी आणि वेबव्हीटीटी दोन्ही चालतात. उतरवून घेणाऱ्यांना एसआरटी द्या, कारण तो न वाचणारा प्लेअर माझ्या तरी पाहण्यात नाही.

रंगपट

एएसएसच्या बाजूने दोन शब्द लिहितो, कारण अशा चर्चांत त्याला नेहमी फार लवकर निकालात काढले जाते. मी गाण्यांच्या आणि ॲनिमेशनपटांच्या सबटायटल्सवर बरीच वर्षे काम केले आहे. एकाच वेळी दोन पात्रे बोलत असतात, मागे पाटी दिसते, तिचाही अनुवाद तिच्याच शेजारी द्यायचा असतो, आणि गाण्यात प्रत्येक अक्षर सुरासोबत रंगत न्यायचे असते. हे सगळे एएसएसमध्ये होते. शैली फाइलच्या वरच्या भागात एकदा ठरवून दिली की शेकडो ओळींचा टाइप एका ठिकाणी बदलता येतो. एजिससबसारखे संपादन-साधन आवाजाचा आलेख समोर ठेवून वेळ लावू देते, त्यामुळे शब्द सुरू होतो त्या क्षणावर सबटायटल आणून ठेवता येते. वेळ सेकंदाच्या शतांशापर्यंतच लिहिली जाते असा त्यावर आक्षेप घेतात, परंतु सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम) असलेल्या व्हिडिओत एक चौकटच ४० सहस्रांश सेकंदांची असते, म्हणून १० सहस्रांशांचा फरक कोणाच्याही डोळ्याला जाणवणार नाही.

समीकरण झाकले जाऊ नये ही धागाकर्त्यांची अडचण खरी आहे. तिच्यावर एएसएस हेच उत्तर आहे असे मला वाटते.

संकलनकक्ष

रंगपट, तुमच्या कामासाठी एएसएसला तोड नाही, हे मान्य. येथे मात्र अडचण पाहण्याच्या ठिकाणाची आहे. ब्राउझर एएसएस स्वतःहून वाचत नाही. त्यासाठी एएसएस रंगवणाऱ्या लिबॲस या लायब्ररीचे जावास्क्रिप्टमध्ये आणलेले रूप पानावर चढवावे लागते आणि ते सबटायटल्स व्हिडिओच्या वर वेगळ्या थरावर रंगवते. आयफोनवर व्हिडिओ पूर्ण पडद्यावर नेला की तो फोनच्या स्वतःच्या प्लेअरमध्ये जातो आणि हा वरचा थर मागेच राहतो. म्हणजे ज्या प्रेक्षकासाठी हा खटाटोप केला, त्याने फोन आडवा धरून पूर्ण पडदा केला की त्याचीच सबटायटल्स जाणार.

समीकरण झाकले जाऊ नये यासाठी वेबव्हीटीटीतही सोय आहे. वेळेच्या ओळीच्या शेवटी लाइन ही सूचना लॅटिन अक्षरांत लिहून, अपूर्णविराम (कोलन) टाकून पुढे टक्केवारी द्यायची. १० टक्के लिहिले तर सबटायटल वरच्या कडेजवळ दिसते. ३६ व्याख्यानांत फळ्याचा खालचा भाग वापरलेल्या जागा मोजक्याच असतील. तेवढ्याच नोंदींना ही सूचना जोडा. रंग आणि टाइप यांच्या फंदात मात्र पडू नका, कारण त्या बाबतीत एक ब्राउझर दुसऱ्यासारखा वागत नाही, आणि ऐकू न येणाऱ्या अनेक प्रेक्षकांनी सबटायटलचा आकार व रंग आपल्या उपकरणावर स्वतःला हवा तसा आधीच ठरवून ठेवलेला असतो.

अक्षरशः

फॉरमॅटविषयी वर जे लिहिले आहे त्याच्याशी मी सहमत आहे, परंतु माझ्या अनुभवात मराठी सबटायटल्स बिघडतात ती फॉरमॅटपेक्षा एन्कोडिंगमुळे, म्हणजे अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीमुळे. एसआरटीची फाइल आपले एन्कोडिंग कोणते हे कुठेच सांगत नाही. प्लेअर अंदाज बांधतो आणि तो चुकला की देवनागरीच्या प्रत्येक अक्षराच्या जागी परकी तीन-तीन चिन्हे उमटतात. तीनच का, तर युनिकोडमधील देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये तीन बाइट घेते. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे, म्हणजे १५ बाइट. वेबव्हीटीटीत हा गोंधळ होत नाही, कारण तेथे यूटीएफ-८ सक्तीचेच आहे. माझ्या लेखी केवळ एवढ्या एका कारणासाठी मराठी माणसाने वेबव्हीटीटीला पहिली पसंती द्यावी.

एसआरटी जतन करताना आणखी एक खोच आहे. काही संपादक यूटीएफ-८ फाइलच्या अगदी आरंभी बीओएम नावाचे एक न दिसणारे चिन्ह घालतात. काही जुने प्लेअर त्यामुळे पहिल्या नोंदीचा क्रमांक ओळखत नाहीत आणि व्याख्यानाचे पहिलेच वाक्य गायब होते. पुढचे सगळे ठीक दिसत असल्याने ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता त्याच्या उलट बाजूची चूक, जी मी स्वतः केली. बीओएम काढण्यासाठी मी एका साधनाला सर्व अदृश्य चिन्हे काढून टाकण्याची आज्ञा दिली. दोन दिवसांनी एका प्रेक्षकाने कळवले की 'दुसऱ्या', 'सुऱ्या', 'तऱ्हा' असे सगळे शब्द बिघडले आहेत आणि त्यांच्या जागी रफार दिसतो आहे. कारण असे की हा आडवा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो : एक नुक्ता असलेला ऱ वापरून, आणि दुसरा साध्या र नंतर हलन्त व त्यानंतर शून्य रुंदीचे जोडचिन्ह देऊन. आमचा एक टंकलेखक दुसऱ्या पद्धतीने लिहीत होता, ते जोडचिन्हही अदृश्यच, आणि माझ्या साधनाने बीओएमसोबत त्यालाही झाडून काढले. ४० मिनिटांच्या त्या फाइलमधील प्रत्येक जागा मला डोळ्यांनी शोधावी लागली. तेव्हापासून गटात कोणत्या पद्धतीने लिहायचे हे आम्ही आरंभीच ठरवतो, आणि ते ऱ हेच असते.

सबटायटल तपासणाऱ्या साधनांत सेकंदाला किती अक्षरे वाचावी लागतात याचा आकडा दिसतो, त्याबद्दलही सावध राहावे. 'स्त्री' हे डोळ्यांना एकच अक्षर, पण साधन त्यात सहा चिन्हे मोजते. लॅटिन लिपीसाठी ठरवलेली मर्यादा मराठीला तशीच लावली तर निम्म्या ओळी विनाकारण लाल दिसू लागतात आणि मग लोक त्या लाल रंगाकडे बघणेच सोडून देतात.

जुनीपट्टी

टीटीएमएलचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. ते हौशी लोकांसाठी नाही हे खरे, परंतु म्हणून ते सर्वांसाठी आहे असे होत नाही. टीटीएमएल ही एक्सएमएल भाषेतील रचना असून तिची पहिली आवृत्ती डब्ल्यूथ्रीसीने २०१० मध्ये आणि दुसरी २०१८ मध्ये प्रमाण म्हणून मान्य केली. प्रसारण आणि चित्रपट-मालिकांच्या मोठ्या वाहिन्या यांच्यात देवाणघेवाण करण्यासाठी तिचे आयएमएससी नावाचे आटोपशीर रूप वापरले जाते. समोरच्याने लेखी मागितले तर ते द्यावे. कोणी मागितलेले नसताना हाताने टीटीएमएल लिहीत बसणे म्हणजे शेजारी निरोप पाठवण्यासाठी मुद्रांकाचा कागद आणण्यासारखे आहे.

मी ज्या काळात काम शिकलो तेव्हा युरोपीय प्रसारकांची एसटीएल ही द्विमान फाइल चालत असे. १९९१ च्या त्या रचनेत लॅटिन, सिरिलिक, अरबी, ग्रीक आणि हिब्रू यांची अक्षरकोष्टके आहेत, देवनागरीचे नाही. तिच्यात मराठी बसवण्यासाठी लोकांनी खास फॉन्ट बनवून लॅटिन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवले. अशा फाइल्स आजही कोणाकोणाच्या कपाटातून निघतात, आणि मूळ फॉन्ट हाताशी नसेल तर त्या उघडल्यावर निव्वळ अगम्य लॅटिन दिसते.

वेळेविषयीही एक सूचना करतो. सबटायटल्स पुढेमागे होत असतील तर चूक सगळीकडे सारखी आहे की वाढत जाते, ते प्रथम पाहावे. सारखी असेल तर सर्व वेळा तेवढ्याने सरकवल्या की झाले. वाढत जात असेल तर सबटायटल्स एका गतीच्या व्हिडिओवर तयार झाली आणि जोडली गेली दुसऱ्याच गतीच्या व्हिडिओला, असे समजावे. २४ चौकटींचा व्हिडिओ २५ च्या गतीने चालवला की एका तासाचा मजकूर ५७ मिनिटे ३६ सेकंदांत संपतो, म्हणजे अखेरीस सव्वादोन मिनिटांहून अधिक तफावत पडते. २३.९७६ आणि २४ यांतील तफावत तासाला जेमतेम ३.६ सेकंद असते आणि म्हणूनच ती अधिक फसवी असते, कारण तपासणारा पहिली पाच मिनिटे पाहून समाधानाने फाइल बंद करतो. नेहमी शेवटची दोन मिनिटे तपासावीत.

व्याख्यानमाला

सर्वांचे आभार. एफएफएमपेगने रूपांतर करून पाहिले, पहिल्या तीन व्याख्यानांची सबटायटल्स संकेतस्थळावर दिसू लागली. चौथे व्याख्यान असमानतांवर आहे आणि त्याच्या वेबव्हीटीटी फाइलमध्ये आमच्या एका सदस्याने दुरुस्त्या करताना काही ओळी नव्याने हाताने घातल्या. त्यात एक चमत्कारिक गोष्ट घडते. 'जर क्ष < ५ असेल, तर त्याचा वर्ग २५ पेक्षा लहान असेलच असे नाही' या ओळीचे पडद्यावर फक्त 'जर क्ष' एवढेच दिसते. यूट्यूबवरच्या एसआरटीत मात्र पूर्ण वाक्य आहे. शिवाय एका ठिकाणी दोन ओळींपैकी दुसरी ओळच दिसत नाही.

संकलनकक्ष

'पेक्षा लहान'चे चिन्ह (<) हे वेबव्हीटीटीत खुणेची सुरुवात समजले जाते. ब्राउझरला वाटते की तिरप्या अक्षरांची किंवा वक्त्याच्या नावाची खूण सुरू झाली, म्हणून तो ती बंद करणारे चिन्ह शोधत राहतो, आणि ते सापडेपर्यंत किंवा नोंद संपेपर्यंतचा सगळा मजकूर गिळतो. त्या चिन्हाच्या जागी एचटीएमएलमध्ये लिहितात तसा संकेत लिहावा : आधी अँपरसँड, मग लॅटिन लहान लिपीत एल आणि टी, शेवटी अर्धविराम. मजकुरात खुद्द अँपरसँड आला तर त्यालाही असाच संकेत आहे. तुमची व्याख्याने गणिताची असल्याने ही अडचण वारंवार येणार. सरळ 'क्ष हा ५ पेक्षा लहान असेल' असे शब्दांत लिहिले तर ऐकू न येणाऱ्याला वक्ता जे बोलला तेच वाचायला मिळेल आणि चिन्हाचा प्रश्नही मिटेल.

दुसरी ओळ दिसत नाही तिथे दोन ओळींच्या मध्ये रिकामी ओळ राहिली असणार. रिकामी ओळ म्हणजे नोंद संपली. तिच्यानंतरच्या मजकुराला स्वतःची वेळ नसल्याने ब्राउझर तो बिनबोभाट टाकून देतो.

हाताने घातलेल्या ओळींत दोन वेळांमधला बाणही तपासा. लेखन-प्रक्रियेच्या सॉफ्टवेअरमध्ये टंकलेखन केले की दोन आडव्या रेघा आणि टोक यांचा ते आपोआप एकच सुबक बाण करून टाकते. दिसायला छान, पण ती नोंद गेली. सबटायटल्स साध्या मजकूर-संपादकातच लिहावीत.

रंगपट

मग मूळ प्रत कशात ठेवावी? माझा आग्रह अजूनही असा की मूळ प्रत जास्तीत जास्त तपशील धरून ठेवणाऱ्या फॉरमॅटमध्ये असावी. एएसएसमधून एसआरटी काढता येते, एसआरटीमधून हरवलेली जागा आणि शैली परत आणता येत नाही.

संकलनकक्ष

तत्त्व बरोबर आहे, मीही तेच मानतो : एकच मूळ प्रत, बाकीच्या तिच्यापासून काढलेल्या, आणि काढलेल्या प्रतीत कधीही दुरुस्ती करायची नाही. चौथ्या व्याख्यानाची गडबड याच नियमाच्या उल्लंघनातून झाली. वेबव्हीटीटीत दुरुस्त केले, एसआरटी तशीच राहिली, आणि आता दोन्हींत वेगवेगळा मजकूर आहे. फक्त या गटासाठी ती मूळ प्रत वेबव्हीटीटीच असावी असे मला वाटते. त्यांना लागणारा तपशील, म्हणजे जागा आणि वक्त्याचे नाव, तिच्यात मावतो. शिवाय नोट या शब्दाने सुरू होणाऱ्या टिपा तिच्यात लिहिता येतात, ज्या पडद्यावर दिसत नाहीत. 'हा शब्द ध्वनिमुद्रणात अस्पष्ट आहे, वक्त्यांना विचारावे' अशी टीप फाइलमध्येच राहिली की ती हरवत नाही. एसआरटीत अशी सोय नाही.

रंगपट

टिपांचा मुद्दा पटला. मूळ प्रत वेबव्हीटीटी, याला माझीही संमती.

अक्षरशः

एक राहिले. ट्रॅक जोडताना भाषेचा संकेत मराठीसाठी एमआर असा लॅटिन लहान लिपीत द्यावा आणि प्रकार सबटायटल्स न लिहिता कॅप्शन्स लिहावा. तुमच्या फाइलमध्ये टाळ्या, हशा, घंटा यांच्याही नोंदी कंसात असतील, आणि नसतील तर त्या असाव्यात. हिंदी आणि इंग्रजी अनुवादांना मात्र सबटायटल्स हाच प्रकार योग्य.

व्याख्यानमाला

चौथ्या व्याख्यानाची मूळ प्रत वेबव्हीटीटीत नव्याने तयार केली, एसआरटी तिच्यापासून काढून यूट्यूबवर पुन्हा चढवली. रिकाम्या ओळी सात निघाल्या, बिघडलेले बाण दोन. शेवटची दोन मिनिटे तपासली, वेळ जुळते आहे. एकाच संगणकावर अजूनही काही दिसत नव्हते. तेथे आमचा सदस्य पान सर्व्हरवरून न उघडता थेट डिस्कवरून क्रोममध्ये उघडून पाहत होता आणि क्रोम तशा स्थितीत ट्रॅकची फाइल वाचू देत नाही, हे आज कळले. सर्व्हरवरून उघडताच तेथेही सबटायटल्स आली. पाचव्या व्याख्यानाचे काम उद्या सुरू करत आहोत.